प्रभावळीवरचा अंगठा

श्री केदारबुवा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी धामणवेळेस होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे. पूर्वेला ओढा, ओढ्याकाठी केशवराजाचे देऊळ, आणि देवळामागे तांबट आळी. महाराज देवळाच्या ओवरीत राहत. अंगावर एक घोंगडी आणि जवळ एक कमंडलू, एवढाच संसार. ज्यांनी महाराजांना इतर गावी पाहिले होते ते सांगत, की महाराज एकदा बसले म्हणजे खांद्यावर चिमणी येऊन बसावी इतके स्थिर. पण वैशाखी पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस धामणवेळेच्या लोकांनी महाराजांना एका जागी टेकलेले पाहिले नाही. ते चालत होते. देवळातून तांबट आळीत, आळीतून पुन्हा देवळात. का, ते कोणाला कळले नाही. ज्या एका बाईला कळायला हवे होते, ती स्वतःच त्या दिवसांत कुठे टेकत नव्हती.

तिचे नाव भागीरथी. आळीतल्या लखोबा तांबटांची ही एकुलती मुलगी. विसाव्या वर्षी कपाळ पुसले गेले आणि ती माहेरी परत आली. तांबटांच्या घरात बायका भाता ओढतात, चिंच आणि राख लावून भांडी उजळतात. हातोडी मात्र पुरुषांची. लखोबांनी तो नियम बाजूला ठेवला. वर्षभर लेकीचे खाली घातलेले तोंड पाहिले आणि एके दिवशी तिच्या पुढ्यात पत्रा टाकून म्हणाले, "रडायचं असेल तर रड, पण ठोका सरळ पडला पाहिजे." दहा वर्षांत तिचा ठोका असा बसला, की आळीतून जाणाऱ्याला आत हातोडीने बाप मठारतो आहे की लेक, ते ऐकून सांगता येत नसे.

लखोबांची शिस्त जगावेगळी होती. उजळलेल्या तांब्याला उघडा हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. तांबे विसरत नाही, असे ते म्हणत. आज लागलेले बोट आज दिसत नाही. महिना-पंधरा दिवसांनी तपकिरी डाग होऊन वर येते. म्हणून उजळलेली वस्तू फडक्यात धरायची, फडक्यात ठेवायची, फडक्यातच द्यायची. दुसरी गोष्ट पारखण्याची. शिकणाऱ्याने न उजळलेले काम पुढे ठेवले, की भट्टीच्या काजळीने काळा झालेला अंगठा ते त्यावरून फिरवत. कुठे चुकले असेल तिथे एकदा दाबत आणि गप्प राहत. काय चुकले ते ज्याचे त्याने शोधायचे. आणि काम पसंत पडले तर शेवटच्या टोकाला दोनदा, शेजारी शेजारी, अंगठा उमटवत. तोंडी शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. ते दोन काळे ठसे मिळाले म्हणजे सगळे मिळाले.

उतारवयात लखोबांचे डोळे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या दिवशी ते काठी टेकत केशवराजापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे घेतलेस ते घेतलेस. हात राहू दे. तुझी प्रभावळ करायची राहिली आहे." देवाच्या मूर्तीमागे उभी राहणारी कमान, ती प्रभावळ. जुनी कुणाच्या तरी आजोबांच्या काळात मोडली होती. घरातला राखून ठेवलेला तांब्याचा पत्रा त्यांनी काढला. तो राळेच्या मऊ थरावर बसवून ठोक्याने त्यावर वेल उठवायची, वर मध्यभागी कीर्तिमुखाचा सिंहासारखा चेहरा. डावी बाजू आणि कीर्तिमुख लखोबांनी केले, चाचपून. डावा अंगठा पुढे सरके आणि त्याच्या मागून हातोडी येई. उजवी बाजू भागीरथीची.

फाल्गुनाच्या अखेरीस एका संध्याकाळी भागीरथीने डावी बाजू आणि कीर्तिमुख चिंचेने उजळून ठेवले. लखोबा उठून आले. काम जवळ ओढले आणि अंगठ्याने खालून वर, पानापानावर थांबत, सगळी वेल पाहिली. कीर्तिमुखापर्यंत गेले. भागीरथी फडके हातात घेऊन शेजारीच उभी होती. तिला दिसत होते, की आप्पांचा हात उघडा आहे. पन्नास वर्षांचा नियम आप्पा विसरले होते, की फडक्यातून त्यांना काही कळत नव्हते? तिने ते फडके पुढे केले नाही.

"तुझी बाजू?" त्यांनी विचारले.

"अजून राळेवर आहे, आप्पा. दोन पानं राहिलीत."

"बरं. उद्या बघतो."

तो उद्या उजाडला, पण लखोबा उठले नाहीत.

चैत्रात भागीरथीने आपली बाजू पुरी केली, उजळली, दोन्ही बाजू जोडल्या. मग एके दिवशी फडके उलगडले तर डाव्या बाजूवर डाग दिसले. आधी तिला वाटले ओल लागली. नीट पाहिले, आणि हातातले फडके गळाले. प्रत्येक पानावर एक तपकिरी अंगठा. रेषासुद्धा कळत होत्या. मधोमध आडवी गेलेली जुन्या भाजल्याची खूण होती. खालच्या पानापासून कीर्तिमुखापर्यंत आप्पा चालत गेल्यासारखे. आणि कीर्तिमुखापाशी थांबल्यासारखे. तिच्या बाजूचे तांबे लख्ख, रिकामे.

त्या दिवसापासून तिचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. घागर घेऊन विहिरीवर जाई आणि रिकामी घागर घेऊन परत येई. जेवण उभ्याने. हातोडी उचलायची, ठेवायची. दिवसातून दहा वेळा फडके उलगडायचे आणि गुंडाळायचे. देवाला डागाळलेली प्रभावळ द्यायची नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. चिंचेचे दोन हात फिरवले की डाग जातील, हेही ठाऊक होते. आणि त्याहून मोठी एक टोचणी होती. उजव्या बाजूवरून आप्पांचा अंगठा फिरला नव्हता. ती बाजू देवामागे उभी राहण्याजोगी आहे की नाही, हे सांगणारा माणूस आता नव्हता.

पौर्णिमेला प्रभावळ बसवायची ठरली होती. द्वादशीला सकाळी देवळाचे पंच ती पाहायला आले. पुढे त्र्यंबकशेट. पितळी भांड्यांचा त्यांचा व्यापार चार तालुक्यांत पसरलेला, देवळाच्या कारभारात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. पण हेच त्र्यंबकशेट एके काळी नुसते त्र्यंबक होते आणि चार वर्षे लखोबांच्या हाताखाली शिकत होते, हे गावात फारसे कोणी काढत नसे. भागीरथी तेव्हा लहान होती. त्यांना त्र्यंबकदादा म्हणायची. पाचव्या वर्षी एके दिवशी काही न सांगता ते निघून गेले होते.

त्यांनी फडके दूर केले आणि भुवया चढवल्या. "भागूबाई, हे काय? कोणी गूळ खाऊन हात पुसले काय?"

मागची माणसे हसली.

"आप्पांच्या बोटांचे आहेत," भागीरथी म्हणाली.

"लखूकाकांच्या?" त्र्यंबकशेट मोठ्याने हसले. "ऐका हो! उजळल्या तांब्याला बोट लावलं म्हणून या माणसानं माझ्या हातावर सांडशी मारली होती. हा बघा वण. आणि स्वतः देवाच्या कामावर दहा बोटं उठवून गेले!"

"त्यांना दिसत नव्हतं, शेटजी."

"मग करू नये. आणि ही उजवी बाजू?"

"माझी."

"पारखली कोणी?"

भागीरथीने उजव्या बाजूवर फडके ओढले.

"म्हणजे एकीकडं डाग आणि एकीकडं न पारखलेला बाईचा हात. हे केशवराजाच्या डोक्यामागं लावायचं?" त्यांनी पंचांकडे वळून पाहिले. "मी शहरातनं पितळेची प्रभावळ आणवून ठेवलीय. वरून लाखेचा हात दिलेला. दहा वर्षं झाली तरी काळी पडणार नाही, हात लावा नाहीतर धूर लावा. भागूबाई, पौर्णिमेला सकाळी ही आरशासारखी करून आण. मग बघू. नाहीतर मोडीत घाल, दोन बरे हंडे होतील."

ती मंडळी गेल्यावर भागीरथी तशीच देवळाकडे धावली. महाराजांना विचारल्यावाचून तिचा निर्णय होणार नव्हता. महाराज ओवरीत नव्हते. सभामंडपात फेऱ्या घालत होते. उजवा हात किंचित मागे, कोपरात वाकलेला, चाल सावकाश. ती आडवी होऊन पाया पडली.

"महाराज, ते ठसे घासू की नको?"

"पायरी आहे," महाराज म्हणाले.

तिने खाली पाहिले. तिच्यापुढे पायरी नव्हती. पायरी महाराजांपुढे होती. ते थांबले, एक पाऊल खाली ठेवले, पुन्हा थांबले, हात तसाच मागे धरून. मग पुढे निघाले. तिच्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

"महाराज, आप्पांचं एवढंच राहिलंय. घासलं तर काय उरलं? आणि नाही घासलं तर देवाला दिलेला त्यांचा शब्द जातो."

"आता डावीकडं," महाराज म्हणाले आणि खांबाला वळसा घालून गेले.

तिला रडू आले. थोरामोठ्यांना सगळे कळते म्हणतात, आणि आपल्या वेळेला हे असे! दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. महाराज तिला आळीतच भेटले, तसेच चालताना. तिच्या घरासमोर थांबले, दारातून आत पाहिले, "हे घर. इथून निघायचं," असे काहीसे पुटपुटले आणि देवळाकडे परतले. त्या दिवशी सात वेळा. गुरवाने मोजले. तो लोकांना सांगू लागला, की महाराजांना ऊन बाधले.

चतुर्दशीला दुपारी भागीरथीने चिंच भिजवली. आता आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. प्रभावळ पाटावर आडवी ठेवली, पदर खोचला आणि अगदी खालच्या पानावरून चिंचेचा गोळा फिरवला. दोनदा फक्त. पाणी टाकून पुसले तर तिथला अंगठा गेला होता. महिनाभर ती ज्याच्याकडे पाहत होती, तो दोन हातांत गेला. त्या जागी तांबे नव्यासारखे गुलाबी झाले आणि त्यात तिला आपलेच तोंड दिसले.

दुसऱ्या पानापर्यंत तिचा हात जाईना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "भागू, चिंच भिजवलीस?"

महाराज उंबऱ्यात उभे होते.

"हो, महाराज." तिने डोळे पुसले. "घासायला."

"किती?"

"वाडगाभर."

"राख मिसळलीस त्यात?"

"अजून नाही."

"मग सार कर. तीन दिवस चालून चालून तोंडाला चव नाही."

भागीरथी पाहतच राहिली. "महाराज, ही घासायची चिंच आहे."

"म्हणून काय झालं? आंबट आहे ना? गूळ घाल, जिरं घाल. आणि कल्हई गेलेल्या भांड्यात करू नकोस. तुमच्या घरी सगळं कळकलेलं असणार."

खरेच होते. तांबटाचे घर, पण आप्पा गेल्यापासून एका भांड्याला कल्हई झाली नव्हती. तिने मडक्यात सार केले. वाडग्यातली सगळी चिंच त्यात गेली. महाराजांनी उभ्यानेच दोन वाट्या घेतल्या.

"आणखी एक वाटी काढ. इथं उंबऱ्यावर ठेव. निवू दे जरा, गरम चालत नाही."

तिने वाटी ठेवली. महाराजांनी तर आताच वाफाळते सार घेतले होते. गरम आप्पांना चालत नसे. हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो ढकलून दिला. दुःखात माणसाला काहीही सुचते. अंगणात कोणी नव्हते.

"चिंच संपली?" महाराजांनी विचारले.

"संपली."

"आळीत कोणाकडं मागायला जाऊ नकोस. आहे तशी घेऊन ये उद्या."

पौर्णिमेला देऊळ भरले. मूर्तीला नवे पीतांबर, समोर समया, दारात त्र्यंबकशेटांनी आणवलेली पितळेची प्रभावळ कागदात गुंडाळून भिंतीशी उभी. भागीरथी फडक्यातली प्रभावळ डोक्यावर घेऊन आली. त्र्यंबकशेटांनी सगळ्यांदेखत फडके ओढले.

"घासली नाहीस."

"नाही."

"का?"

"चिंच संपली," भागीरथी म्हणाली.

सभामंडपात हशा पिकला. बायकांनी पदर तोंडाला लावले. त्र्यंबकशेटांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटले, ही आपली थट्टा आहे. "तांबटाच्या घरात चिंच संपली! वा! आणा रे माझ्या घरून चिंच. ओढ्याची बारीक रेती पण आणा. आज सगळ्यांना बघू दे तांबं कसं उजळतात ते."

आणि गावचा एवढा मोठा शेट, अंगरख्याच्या बाह्या सारून, देवळाच्या फरशीवर उकिडवा बसला! हात विसरले नव्हते. चिंच, रेती, गोल गोल फिरणारा तळवा. पहिल्या पानाशी कर्र आवाज झाला.

"शेटजी, रेती नको," भागीरथी न राहवून म्हणाली. "ओरखडा पडेल."

"मला शिकवू नकोस."

एकेक अंगठा पुसला जात होता. भागीरथी खांबाला धरून उभी होती. पाचवे पान, सहावे पान. कीर्तिमुखाच्या गालावर एक होता, तोही गेला. उजवी बाजू त्यांनी घासली नाही. तिथे डाग नव्हते. पाणी ओतले, पुसले, आणि प्रभावळ उभी धरली. सारी प्रभावळ पेटल्यासारखी चमकली. लोकांच्या तोंडून "आहा!" निघाले.

"याला म्हणतात तांबं," त्र्यंबकशेट म्हणाले. "आता ही एका बाजूला ठेवा. न पारखलेलं काम देवाला लागत नाही. गुरवा, माझी सोड कागदातून."

"त्र्यंबका."

महाराज गाभाऱ्याच्या दारात उभे होते. तीन दिवसांत देवळात त्यांनी पहिल्यांदाच कोणाला नावाने हाक मारली.

"आरती होईपर्यंत हीच राहू दे. आरतीनंतर तुझी लाव. मी आड येणार नाही."

संताचा शब्द, शिवाय एका आरतीचा तर प्रश्न. त्र्यंबकशेटांनी मान डोलावली. गुरवाने फडक्यात धरून प्रभावळ मूर्तीमागे उभी केली. झांजा वाजू लागल्या. घंटा, टाळ्या, धुपाचा धूर. महाराज गाभाऱ्यात शिरले, मूर्तीच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. तोच हात, तसाच किंचित मागे. मग त्यांनी तो हळूच पुढे आणला, जणू त्या हाताला धरून चालणाऱ्या कोणाला पुढे केले, आणि मागे सरले.

"हं. इथून," असे ते म्हणाल्याचे जवळ उभ्या असलेल्या गुरवाने ऐकले.

भागीरथीला आधी वाटले, धुराची सावली पडली. डाव्या बाजूच्या सगळ्यात खालच्या पानावर, जिथे तिने स्वतः चिंच फिरवली होती आणि आता रेतीने ओरखडले होते, तिथे तपकिरी काहीतरी वर येत होते. पाण्याखालची वस्तू वर यावी तसे. ती दोन पावले पुढे झाली. तो अंगठा होता. मधोमध भाजल्याची खूण.

मग दुसऱ्या पानावर. थोडा वेळ, आणि तिसऱ्या. जसे आप्पा थांबत तसेच थांबून. चौथे पान जरा उंच उठवलेले, तिथे जास्त वेळ. झांजा वाजवणारे एकेक करून थांबत गेले. आरती गुरवाच्या एकट्याच्या तोंडी राहिली, मग तीही अडखळली. सहावे पान. कीर्तिमुखाचा गाल.

तिथे ते थांबले.

 इथपर्यंतच आप्पा त्या संध्याकाळी आले होते. इथेच ते म्हणाले होते, उद्या बघतो. गाभाऱ्यात समयांच्या वातींची तडतड तेवढी ऐकू येत होती. महाराजांनी डोळे मिटले होते. "सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही."

आणि कीर्तिमुखाच्या दुसऱ्या गालावर, जिथे त्या संध्याकाळी लखोबांचा अंगठा पोचला नव्हता, अंगठा उमटला.

मग तो उजव्या बाजूने खाली येऊ लागला. तिच्या बाजूने! वरचे पान. त्याखालचे. तिसऱ्या पानापाशी तिने डोळे घट्ट मिटले, कारण तिथे तिची हातोडी एकदा निसटली होती आणि ती खोच तिने दोन दिवस मठारून काढली होती. कोणाला दिसत नव्हती. आप्पांना कळली असती. डोळे उघडले तर तिसऱ्या पानावर एक फिकट ठसा होता, दाबलेला नव्हता, नुसता स्पर्श; आणि अंगठा पुढे गेला होता. चौथे. पाचवे. सगळ्यात खालचे.

तिथे वेलीच्या टोकाला, लख्ख तांब्यावर, दोन अंगठे उमटले. शेजारी शेजारी. काळेभोर.

केवढी ही कृपा! बापाने उद्या बघतो म्हटले होते, आणि देवाने तो उद्या आपल्या दारात आणून दिला. गावाने डाग उमटताना पाहिले. चमत्कार झाला म्हणून लोकांनी हात जोडले. पण त्या दोन ठशांचा अर्थ सबंध देवळात दोघांनाच कळला. एक भागीरथी. ती खांबाशी हळूच खाली बसली. कित्येक दिवसांनी बसली.

दुसरे त्र्यंबकशेट. त्यांच्या हातातली झांज फरशीवर पडून गरगरत गेली. त्यांचे ओठ हलत होते.

"दोन," ते म्हणाले. "दोन दिले." आणि मग मोठ्याने, कोणाला उद्देशून ते त्यांनाच ठाऊक, "चार वर्षं वाट पाहिली मी! रोज काम पुढं ठेवायचो. रोज एकच. एक दिवस तरी दोन मिळतील म्हणून. नाही मिळाले म्हणून पळालो." ते पुढे धावले आणि महाराजांच्या पायांवर पडले.

महाराजांनी पाय मागे घेतले. मग ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, जिथे होते तिथेच, मांडी घालून बसले. थकलेला माणूस घरी येऊन बसतो तसे.

"माझ्या पाया पडून काय होणार?" महाराज म्हणाले. "मी नुसता वाटाड्या. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं रे. घरापासून इथवर वाट ओळखीची करून द्यावी लागली. पायऱ्या किती, खांब कुठं. हट्टी म्हातारा. म्हणायचा, लेकीचं काम न बघता मी पुढं जायचा नाही." त्यांनी भागीरथीकडे पाहिले. "उंबऱ्यावरचं सार मात्र त्याला आवडलं. गूळ जरा कमी पडला होता."

भागीरथी रडता रडता हसली.

"जा, त्र्यंबका," महाराज म्हणाले. "तुझंही त्यानं बघितलंय."

त्र्यंबकशेट उठले, मूर्तीमागे गेले आणि खाली वाकून पाहू लागले. डाव्या बाजूचे सगळ्यात खालचे पान. रेतीचा ओरखडा तिरका गेलेला, आणि बरोबर त्यावर तो अंगठा. बाकीच्या पानांवरचे फिकट होते. हा ठसठशीत होता, दाबून उमटवलेला. एकच. इथे चुकले, शोध.

सगळ्यांना वाटले, शेट आता खचणार. पण त्र्यंबकशेटांच्या तोंडावर काही वेगळेच उमटले. वण असलेला आपला हात त्यांनी त्या ठशाजवळ नेला आणि लावला नाही. उपरण्याचे टोक बोटांभोवती गुंडाळले, मग हळूच टेकवला.

"मला अजून एकच," ते म्हणाले. "म्हणजे काकांनी मला अजून काढून टाकलेलं नाही."

गुरवाने भिंतीशी ठेवलेल्या पितळेच्या प्रभावळीकडे पाहिले. त्र्यंबकशेटांनी मान हलवली. ती कागदातून निघालीच नाही. आजही त्या देवळात केशवराजामागे तांब्याचीच प्रभावळ आहे असे सांगतात. तिला चिंच लावत नाहीत. गुरव सुक्या फडक्याने धूळ काढतो, एवढेच. तांबे आता पार काळसर झाले आहे, आणि त्यात ते ठसे शोधावे लागतात.

त्या दिवशी मात्र ते स्पष्ट होते. भागीरथी उठून गाभाऱ्याच्या दाराशी आली. "त्र्यंबकदादा," तिने हाक मारली. वीस-पंचवीस वर्षांत त्यांना त्या नावाने कोणी बोलावले नव्हते. "ओरखडा मठारून निघेल. राळ तापवून ठेवते. उद्या या."

 त्र्यंबकशेटांनी खांद्यावरचे रेशमी उपरणे काढून खाली ठेवले, आणि केशवराजापुढे, त्या अंगठ्यांपुढे, भर गावासमोर, कपाळ दगडावर टेकवले. टेकवले ते पुष्कळ वेळ उचलले नाही.